‘खड्डा’ माझ्या पोटात होता

मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणायची माझी फारशी इच्छा नाही. पण स्वतःची कहाणी सांगायला बसलेल्याने असंच म्हणायचं असतं, म्हणून म्हणतो. मी एक जुना संगणक आहे. सध्या एका लोखंडी कपाटावर आडवा पडलोय. माझी वायर माझ्याच अंगाला गुंडाळून ठेवली आहे. अकरा वर्षं माझ्या पोटात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा एक अड्डा होता. शेकडो माणसं तिथे रोज यायची, विचारायची, सांगायची आणि भांडायची. त्यांच्यापैकी बहुतेकांनी मला कधी पाहिलं नाही. मी मात्र त्या सगळ्यांना पाहिलं, आणि म्हणूनच माझा सूर असा आहे. गोड आवाजातली कहाणी हवी असेल तर एखाद्या छत्रीकडे नाहीतर शाळेतल्या बाकाकडे जा.

माझे सुटे भाग कुठे तयार झाले ते मला ठाऊक नाही. मला समज आली ती एका लिफ्ट कंपनीच्या कचेरीत. तिथला कारकून माझ्यावर तक्रारी लिहून घ्यायचा. अमक्या इमारतीत लिफ्ट अडकली, तमक्या इमारतीत दार लागत नाही. पाच वर्षांनी नवे संगणक आले आणि मला जिन्याखाली टाकलं. वर कुणीतरी ओला फडका वाळत घातला.

तिथून मला उचलून घरी नेलं ते एका फिटरने. बावीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. एकदा शिडी सरकली, तो खाली कोसळला आणि त्याच्या कंबरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण शिडी कायमची सुटली. कंपनीने त्याला सुट्या भागांच्या कोठारात खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसून तो दिवसभर बोल्ट निवडायचा आणि मनातल्या मनात धुमसायचा. त्याची बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. तिला सगळे बाई म्हणत, रागावला की तोही म्हणायचा. मला दारात पाहून बाई म्हणाल्या की घरात आधीच एक मोडकं माणूस बसलेलं आहे, आता त्याला सोबत आणली का.

फिटरने मला उघडलं, रंगाच्या ब्रशने माझा पंखा झाडला, दोन भाग बदलले आणि मागच्या खोलीत खिडकीशेजारच्या टेबलावर मला मांडलं. त्याच्या डोक्यात एक गोष्ट बरेच दिवस घोळत होती. पूर्वी फिटर जोडीने कामाला जायचे. जुना माणूस हात चालवायचा, नवा माणूस बॅटरी धरायचा आणि बघत बघत शिकायचा. आता कंपन्या एकेकट्याला पाठवू लागल्या होत्या. अडलं तर शेजारी विचारायला कुणी नाही, आणि साहेबाला विचारावं तर अब्रू जाते. अशा माणसांना एकत्र बसायला एक जागा हवी, असं फिटरला वाटायचं. ती जागा त्याने माझ्या पोटात केली, इंटरनेटवरून कुणालाही येता येईल अशी, आणि तिला नाव दिलं ‘खड्डा’. लिफ्टच्या सगळ्यात खाली, तळमजल्याच्याही खाली, एक खड्डा असतो. उन्हाळ्यात तो गार असतो. फिटर लोक डबा खायला तिथेच बसतात आणि बोलतात.

पहिली तीन-चार वर्षं खरोखरच तशी होती. सुरुवातीला तीसेक माणसं होती. प्रत्येकाने टोपणनाव घेतलं होतं, पण कोण कुठल्या इमारतीत काम करतं, कुणाची पाठ दुखते, कुणाच्या बहिणीचं लग्न ठरत नाही, हे सगळ्यांना माहीत असायचं. कुणी विचारायचं की दार लागताना किंचाळतं, काय करू. त्यावर चौघे चार उपाय सांगायचे, आणि संध्याकाळपर्यंत विचारणारा येऊन सांगायचा की तिसऱ्याचा उपाय लागू पडला. फिटर रोज कोठारातून घरी आला की पायातले बूट न काढता माझ्यासमोर बसायचा. तो लिहायचा आणि बाई मागे उभ्या राहून त्याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायच्या. त्या दिवसांत मी कौतुकाने गरम व्हायचो. संगणकाला दुसरं काही जमत नाही.

मग चौथ्या वर्षी एक माणूस आला. लिफ्ट भलत्या वेगाने जायला लागली तर तिला जागच्या जागी पकडायला लावणारं एक चाक असतं, त्याला गव्हर्नर म्हणतात. या माणसाने स्वतःसाठी तेच नाव घेतलं होतं. त्याचं पहिलंच उत्तर मला आठवतं. कुणाचा तरी ब्रेक सकाळी धरायचा आणि दुपारी निसटायचा. सगळे आठवडाभर अंदाज बांधत होते. गव्हर्नरने अकरा ओळींत कारण सांगितलं, तपासायचं कसं ते सांगितलं आणि दुरुस्ती सांगितली. एक शब्द जास्त नव्हता. फिटरने ते उत्तर बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला की हा माणूस आपल्याला लाभला हे आपलं नशीब.

फिटरला वाटलं की अशा माणसाला मान मिळावा. म्हणून त्याने माझ्यात ताऱ्यांची सोय केली. ज्याचं लिहिणं लोकांना आवडेल त्याला तारे, आणि सर्वांत जास्त तारे असलेल्याचं नाव सगळ्यांत वर. ते मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी इमानाने मोजलं. कुणी ‘आभारी आहे’ म्हणून खूण केली तरी एक तारा, कुणी हसरा चेहरा टाकला तरी एक तारा. उपयोगी उत्तर आणि मार्मिक टोमणा यांत मला फरक कळत नव्हता, आणि कळायला हवा असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ही माझी चूक मी लपवणार नाही.

गव्हर्नर लवकरच वर जाऊन बसला आणि तिथून हलला नाही. त्याची सहा हजार उत्तरं झाली. त्यातली बरीचशी सोन्यासारखी होती, हे मी आजही म्हणतो. पण हळूहळू त्याच्या लक्षात आलं की अकरा ओळींच्या उत्तराला दहा तारे मिळतात आणि एका ओळीच्या टोमण्याला चाळीस. लिफ्ट मजल्याच्या दोन इंच खाली थांबते, असं एका नवख्याने विचारलं, तर गव्हर्नरने लिहिलं की दोन इंच टाचेचे बूट घाल. त्याच्या भोवती वीस-पंचवीस जणांचं टोळकं जमलं. त्यांना त्याच्याइतकं काम येत नव्हतं, पण टोमणे यायला लागले. कुणी नवा माणूस विचारायला आला की हे सगळे कोंडाळं करून उभे राहायचे. आधीची उत्तरं वाचून ये. एवढं येत नाही तर हातात पाना कुणी दिला. तुझ्या इमारतीतल्या लोकांना जिना वापरायला सांग.

बाईंच्या ते आधी लक्षात आलं. वह्या तपासता तपासता त्या मान वर करून माझ्याकडे बघायच्या. एका दुपारी त्या फिटरला म्हणाल्या,

“माझ्या वर्गात कुणी प्रश्न विचारणाऱ्याला हसलं तर मी त्याला बाहेर उभं करते.”

फिटर म्हणाला, “आणि तो निघून गेला तर उत्तरं कोण देणार? तू?”

बाईंनी वही मिटली आणि पुढची उघडली. फिटरला वाटलं की आपण जिंकलो.

आठव्या वर्षी एक नवा फिटर आला. वय तिशी उलटलेलं. आधी तो पंपांच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, म्हणून या धंद्यात आला. त्याच्या वाट्याला एक जुनी इमारत आली होती. तिथली लिफ्ट दर चार दिवसांनी चौथ्या मजल्यावर अडकून बसायची. म्हणून त्याने नाव घेतलं ‘चौथा मजला’. वर्षभरात त्याने सहा प्रश्न विचारले. प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी तो लिहायचा, ‘त्रासाबद्दल माफ करा’. पहिल्या दोन प्रश्नांना फिटरने स्वतः उत्तर दिलं. पुढच्या तीन प्रश्नांवर टोळकं दात विचकून हसलं. त्यावरही तो ‘बरं, धन्यवाद’ असं लिहून निघून गेला.

सहावा प्रश्न त्याने एका मंगळवारी विचारला. दुपारची वेळ होती. फिटर त्या दिवशी कंबर दुखते म्हणून घरीच होता. प्रश्न माझ्या समोर आला, त्याच्याही समोर आला. तो असा होता:

‘चौथ्या मजल्यावर दाराच्या कुलपाचा सिग्नल कधी येतो, कधी जातो. म्हणून लिफ्ट मध्येच बंद पडते. दोष दारात आहे की वायरीत, ते बघण्यासाठी कंट्रोलरमध्ये तात्पुरती तार जोडून दाराचा सिग्नल चुकवला तर चालेल का? काळजी काय घ्यायची? त्रासाबद्दल माफ करा.’

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंट्रोलर म्हणजे वरच्या खोलीतली, लिफ्ट चालवणारी वायरींची पेटी. दार उघडं असेल तर लिफ्ट हलत नाही, ती त्या सिग्नलमुळेच. तार जोडून तो चुकवला की लिफ्टला सगळी दारं बंदच वाटतात. मग उघड्या दारानेही ती निघते.

फिटरने खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला सुरुवात केली. ‘आधी कंट्रोलर’ एवढे दोन शब्द त्याने माझ्यावर उमटवले. तेवढ्यात गव्हर्नरचं उत्तर येऊन पडलं:

‘जोड की. लिफ्ट पण वर जाईल आणि तू पण. बटन दाबावं लागणार नाही.’

हसरे चेहरे येऊ लागले. दहा मिनिटांत ते एकसष्ट झाले आणि मी एकसष्ट तारे गव्हर्नरच्या नावावर चढवले. फिटर त्याकडे बघत राहिला. आता गंभीरपणे उत्तर लिहावं तर गव्हर्नरला सगळ्यांसमोर खोडून काढल्यासारखं होईल, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता येत होतं. शिवाय त्या टोमण्यावर त्यालाही थोडं हसू आलं होतं. त्याने आपले दोन शब्द उजवीकडून डावीकडे, एकेक अक्षर करत, पुसून टाकले. मग तो उठला आणि कंबर शेकायला गेला.

‘चौथा मजला’ त्या दिवशी ‘बरं, धन्यवाद’ म्हणाला नाही. तो पुन्हा आलाच नाही. कुणी विचारलंही नाही की तो कुठे गेला. विचारायला त्याची ओळख कुणाला होती? पहिल्या तीस जणांतल्या कुणाचा साधा ताप लपून राहत नसे. आता बारा हजार जण होते आणि एक माणूस नाहीसा झाला तर माझ्यावर त्याचा चरासुद्धा उमटला नाही.

पाच महिन्यांनी एका रविवारी सकाळी दाराची घंटा वाजली. एक अनोळखी स्त्री आली होती. ती छापखान्यात पुस्तकबांधणीचं काम करायची. तिच्या बोटांच्या टोकांना वाळलेला डिंक होता. फिटरचा पत्ता तिला माझ्याच पोटात मिळाला होता. चांगल्या दिवसांत फिटरने तो एका जुन्या पानावर लिहून ठेवला होता, कधी इकडे आलात तर घरी या म्हणून. तिच्या हातात काही छापील कागद होते. तिने ते व्यवस्थित दोऱ्याने शिवलेले होते. तिने ते टेबलावर माझ्यासमोर ठेवले.

“हे तुमच्याकडचंच आहे ना?” तिने विचारलं.

फिटर हो म्हणाला.

“ज्याला तुम्ही चौथा मजला म्हणता, तो माझा भाऊ.”

मग तिने काय झालं ते सांगितलं. सांगताना ती रडली नाही, आवाज चढवला नाही. त्या मंगळवारनंतर दोन दिवस तिच्या भावाने वाट पाहिली. शुक्रवारी इमारतीतल्या एका आजीला दवाखान्यात न्यायचं होतं आणि लिफ्ट पुन्हा बंद पडली. लोक जिन्यात जमून त्याला बोलू लागले. त्याने वर जाऊन कंट्रोलरमध्ये तार जोडली, चौथ्या मजल्यावर उतरला आणि दाराचं कुलूप बघायला वाकला. एक पाय लिफ्टमध्ये होता, एक बाहेर. तळमजल्यावर कुणीतरी बटन दाबलं. लिफ्ट उघड्या दाराने खाली निघाली. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बाईंनी पाण्याचा पेला आणून ठेवला. तिने तो घेतला नाही.

“मी भांडायला आलेली नाही,” ती म्हणाली. “एवढंच विचारायचं आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यात कुणाला येत नव्हतं, की येत होतं?”

“येत होतं,” फिटर म्हणाला.

“तुम्हाला?”

“हो.”

“मोठं होतं का?”

“दोन ओळींचं.” मग कुणी न विचारता तो म्हणाला, “मी लिहायला घेतलं होतं. पुसलं.”

तिने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं की त्याने मान खाली घातली. तो चाचरत म्हणाला की ते पान मी आत्ताच्या आत्ता काढून टाकतो.

“काढायचं नाही,” ती म्हणाली. तेवढ्या एका वाक्याला तिचा आवाज चढला. “कंपनीने अहवालात लिहिलंय की त्याने कुणालाही न विचारता हे केलं. त्याने विचारलं होतं, एवढा एकच कागद आमच्याकडे आहे.”

ती गेली. तिने शिवलेले कागद तिथेच ठेवले होते. तिच्याकडे दुसरी प्रत असावी. बाई उठल्या. त्या माझ्यासमोर बसल्या, शाळेची लाल पेन्सिल घेतली आणि मागच्या वर्षभरात आलेल्या प्रत्येक नव्या माणसाचा पहिला प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर वाचत गेल्या. आठ दिवस रोज शाळा सुटल्यावर हेच चाललं. शेवटी त्यांनी कागद फिटरपुढे सरकवला. वर्षभरात चारशे दहा नव्यांनी पहिला प्रश्न विचारला होता. त्यातले तीनशेहून जास्त एकदाच विचारून कायमचे गेले होते.

“हे सगळे अजून लिफ्टच दुरुस्त करतायत,” बाई म्हणाल्या. “फक्त आता न विचारता करतायत.”

फिटर त्या आठवड्यात दोन कामांना लागला. पहिलं, तो काठी टेकत त्या कंपनीच्या चौकशीला गेला आणि त्याने सांगितलं की या माणसाने विचारलं होतं, अमुक दिवशी, अमुक वेळी, आणि आम्ही त्याला उत्तर दिलं नाही. त्याला तीनदा जावं लागलं, कारण दोनदा त्याचं ऐकून घेणारं कुणी जागेवर नव्हतं. तिसऱ्यांदा अहवालातलं ते वाक्य बदललं. ‘चौथा मजला’ची नोकरी राहिली, त्याला तक्रारींच्या फोनवर बसवलं.

दुसरं काम त्याने माझ्यावर केलं. त्या जुन्या प्रश्नाच्या खाली त्याने लिहिलं: ‘उत्तर: आधी कंट्रोलर तपासणीवर टाका, म्हणजे कुणीही बटन दाबलं तरी लिफ्ट हलणार नाही. तार लाल आणि हातभर लांब घ्या, म्हणजे ती नजरेत राहील, आणि ती काढल्याशिवाय लिफ्ट पुन्हा चालू करू नका. हे उत्तर मला त्याच दिवशी माहीत होतं. मी ते लिहायला घेऊन पुसलं. विचारणाऱ्याचा पाय गेला आहे.’ त्याने तारे बंद केले. आणि गव्हर्नरला सगळ्यांसमोर विचारलं की तुम्ही त्या माणसाची माफी मागाल का.

गव्हर्नरने लिहिलं की तार त्याने त्याच्या हाताने जोडली, माझ्या हाताने नाही. ज्याला एवढंही कळत नाही त्याने लिफ्टला हात लावायचाच कशाला? इथे बालवाडी काढायची असेल तर काढा, मी मुलं सांभाळत नाही.

मित्रांनो, पुढचे नऊ दिवस माझ्या पोटात जे झालं त्याची मला अजून शिसारी येते. टोळकं फिटरवर तुटून पडलं. खड्ड्यात पडून याची कंबर मोडली होती, आता डोकंही गेलं, असं लिहिणारे हेच लोक कधीकाळी त्याला ‘दादा’ म्हणायचे. कुणी लिहिलं की पायाची बातमीच खोटी आहे. कुणी बाईंवर घसरलं. बाई ते सगळं शांतपणे वाचायच्या. एका शिवीगाळ करणाऱ्याला त्यांनी एकच ओळ पाठवली, की शिवीतलं दुसरं अक्षर दीर्घ लिहितात. फिटर मात्र आतून खचत होता. तो प्रत्येकाला उत्तर द्यायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. जेवण निवायचं.

दहाव्या दिवशी दुपारी गव्हर्नर शेवटचा आला. स्वतःचं लिखाण पुसायचा हक्क प्रत्येकाला होता, तो त्याने वापरला. सहा हजार उत्तरं. एकेक करून तो ‘पुसा’ म्हणत गेला आणि मी पुसत गेलो. ब्रेकच्या त्या अकरा ओळीसुद्धा गेल्या. मी यंत्र आहे, नाही म्हणू शकत नाही. पण त्या दुपारइतका मला कुणाचा राग आलेला नाही. ज्ञान त्याचं होतं, मान्य. ते त्याने दिलं तेव्हा वर चढून दिलं, आणि परत घेतलं तेव्हा विचारणाऱ्यांच्या हातातून ओढून घेतलं. त्याने दुसरीकडे नवा अड्डा मांडला. निम्म्याहून जास्त लोक त्याच्यामागे गेले. त्याने उत्तर दिलेले हजारो प्रश्न माझ्या पोटात उरले आणि प्रत्येकाच्या खाली रिकामी जागा.

महिनाभर उरलेल्यांपैकीही कुणी फिरकलं नाही. फिटरने मला बंद करायचं ठरवलं होतं. बाईंनी वायरीवर हात ठेवला आणि म्हणाल्या की सुट्टी लागेपर्यंत थांबा.

मग एक अनोळखी माणूस लिहू लागला. त्याचं नाव ‘ग्रीस’ होतं. तो नऊ वर्षं इथे येत होता आणि त्याने कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. हसतील म्हणून, असं त्याने पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. ब्रेकचं ते उत्तर त्याने वहीत उतरवून घेतलं होतं. ते त्याने आपल्या शब्दांत, अडखळत, तीन चुका करत लिहिलं. आणि शेवटी जोडलं की जुन्या पद्धतीच्या ब्रेकला हे लागू पडत नाही, मी दोनदा करून पाहिलं आहे. हे सहा वर्षांत गव्हर्नरला सांगायची कुणाची हिंमत झाली नव्हती. त्याच्यामागोमाग आणखी असेच गप्प बसलेले लोक पुढे आले. ज्याला जे आठवेल ते तो त्या रिकाम्या जागांत भरू लागला. सगळ्या जागा भरल्या नाहीत. काही उत्तरं चुकीची होती आणि दुसऱ्याने येऊन सुधारली. पूर्वीचा झोक त्यात नव्हता. पण विचारणारा परत येऊन ‘जमलं’ असं लिहू लागला.

या सगळ्याला वर्ष होत आलं तेव्हा ‘चौथा मजला’ परत आला. तुम्हाला वाटत असेल की आता गळाभेट होईल. झाली नाही. त्याने लिहिलं, ‘मी कुणालाही माफ केलेलं नाही. जे हसले त्यांनाही नाही आणि ज्यांनी पुसलं त्यांनाही नाही. मी इथे बसणार आहे. नव्या माणसाचा प्रश्न मला आधी दाखवायचा.’ फिटरने फक्त ‘हो’ लिहिलं आणि नव्या प्रश्नांची किल्ली त्याच्या हाती दिली. त्या दोघांत त्यानंतर कामाशिवाय एक अक्षरही झालं नाही. त्याने ‘त्रासाबद्दल माफ करा’ असंही पुन्हा कधी लिहिलं नाही.

मी पाहिलेल्या शेवटच्या प्रश्नांपैकी एक मी सांगितलाच पाहिजे. त्यानंतर पंधरा दिवसांनी ‘खड्डा’ भाड्याच्या मोठ्या यंत्रावर गेला आणि मी इथे वर आलो. भर दुपारी एका कापड गिरणीत काम करणाऱ्या फिटर बाईने लिहिलं. मालाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे, मी लिफ्टच्या टपावर उभी आहे, वर माझा मदतनीस आहे, त्याला हाताने ब्रेक सोडायला सांगू का, लवकर सांगा.

अर्ध्या मिनिटात ‘चौथा मजला’चं उत्तर आलं: ‘सांगू नकोस. वरच्या मजल्याचं दार हाताला लागतंय का? लागत असेल तर आधी तिथून बाहेर पड. मग शिव्या देतो.’

पुढची चार मिनिटं काहीच आलं नाही. फिटर माझ्यासमोर बसला होता, बाई त्याच्या मागे होत्या. तिघेही नुसते बघत होतो.

मग आलं: ‘बाहेर आले.’

त्यावर त्याने तिला खरोखरच शिव्या दिल्या, चांगल्या सहा-सात ओळी. टपावर माणूस असताना ब्रेक सोडला असता तर लिफ्ट कुठल्या बाजूला आणि किती वेगाने गेली असती, तेही सांगितलं. मग बारा ओळींत काम कसं करायचं ते एकेक पायरी करून लिहिलं, आणि खाली विचारलं की यातलं काय समजलं नाही.

तर मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, असलं काही मी मागणार नाही. माझ्यासारखी यंत्रं येतात आणि कपाटावर जातात. गोड बोला असंही सांगणार नाही, हवं तर कचकचून शिव्या द्या. पण कुणी विचारलं आणि तुम्हाला येत असेल, तर आधी उत्तर द्या. तुम्ही नुसते हसलात, किंवा अर्धं लिहून पुसलंत, तर तुम्हाला वाटतं की ते कुणी पाहिलं नाही. आम्ही पाहिलेलं असतं. आम्ही सहसा बोलत नाही, एवढंच तुमचं नशीब.